बैठकीतले लाडू

"किती खाल्लंस?" मी विचारलं.

"अर्धी भाकरी. भाजी सगळी संपवली."

"अर्धीच का?"

"अहो, हळू बोला. जोगळेकर बाई तिकडं नळावर उभ्या आहेत."

कोल्हापुरातल्या त्या महोत्सवाच्या मांडवामागं एक रसवंती होती. तिच्या बांबूच्या तट्ट्याआड आम्ही उभे होतो. लग्नाला तीस वर्षं झालेली, दोन लेकींची लग्नं उरकलेली आम्ही नवराबायको, आणि घरच्यांना चुकवून भेटणाऱ्या पोरापोरींसारखी आमची गत झाली होती. कुमुदनं डबा माझ्या हातात परत दिला, पदरानं तोंड पुसलं, आणि बाई बघत नाहीत याची खात्री करून ती मैत्रिणींच्या घोळक्यात मिसळून गेली. मी उगाच एक ग्लास रस मागवला. नुसतं उभं राहिलं तर रसवंतीवाला डोळे वटारायचा.

महोत्सव मोठा होता. तीन दिवस गाणं, वाजवणं, नाच, सगळं काही. कुमुद कऱ्हाडहून तिच्या गायनाच्या क्लासमधल्या बायकांबरोबर भाड्याच्या गाडीतून आली होती. मी मागोमाग एसटीनं आलो होतो आणि माझ्या चुलतभावाकडं उतरलो होतो. क्लासमधल्या बायकांच्या लेखी कुमुद आवटी एकटीच आली होती. मी कोल्हापुरात नव्हतोच.

त्या बायकांनी मला पाहिलेलंच नव्हतं. माझी सगळी नोकरी चिपळूणच्या डेपोत गेली. हेडमेकॅनिक म्हणून नुकताच निवृत्त झालो होतो. शनिवारी रात्री घरी यायचं आणि सोमवारी पहाटे बॅग उचलायची, असा आमचा संसार. लेकी गेल्यावर घर तिला खायला उठलं, तेव्हा तिनं पन्नाशीत गायनाचा क्लास लावला. ललिता जोगळेकर बाईंचा क्लास म्हणजे कऱ्हाडात मानाची जागा. कुमुदचा गळा बेताचाच, ते ती स्वतःच सांगायची. पण कान तिचा पक्का निघाला. बाईंनी तिला तानपुरा जुळवायला शिकवलं आणि वर्षभरात तिचा हात असा बसला की क्लासमध्ये तानपुरा लावायचं काम तिच्याकडंच आलं. फोनवर ती मला त्या चार तारांबद्दल इतकं सांगायची, की एकदा मी विचारलं होतं, "चारच तारा आहेत ना गं? मग एवढं काय?" दोन दिवस बोलली नव्हती.

त्या वर्षी बाईंना महोत्सवात शेवटच्या दिवशी सकाळी अर्ध्या तासाचं गाणं मिळालं. एवढ्या मोठ्या मंडपात त्या पहिल्यांदाच गाणार होत्या. मागं दोन तानपुरे लागणार. एकावर बाईंची जुनी शिष्या बसणार हे ठरलेलं होतं. दुसरी जागा कुमुदला की मेधा शिराळकरांना, हे बाई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगणार होत्या. कुमुदनं आयुष्यात माझ्याकडं कधी काही हट्टानं मागितलं नाही. ही एक जागा मात्र तिला हवी होती. झोपेत तिची बोटं चादरीवर चालायची, मी पाहिलंय.

अडचण तिच्या साखरेची होती. सकाळी इंजेक्शन घेतलं की ठरल्या वेळेला पोटात काहीतरी जायलाच लागायचं. नाही गेलं तर साखर झपकन उतरायची. आधी कपाळावर घाम, मग हात थरथरायला लागायचे, मग बोलण्याचा पत्ता नाही. एकदा ओट्याजवळच कोसळली होती, शेजारणीनं तोंडात साखर कोंबली म्हणून वाचली. आणि बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं.

"सांगून टाक की त्यांना," मी घरीच म्हटलं होतं.

"आणि त्या म्हणाल्या, नको बाई, स्टेजवर तुम्हाला काही झालं तर माझी शोभा होईल. मग?"

"मग मी येतो बरोबर."

"तुम्ही? तिथं?"

ते 'तिथं' मला लागलं, पण तिची चूक नव्हती. माझा आवाज वर्कशॉपमध्ये इंजिनाच्या वर जाण्यासाठी घडलेला. नखांच्या कडांतलं काळं तीस वर्षांत निघालं नव्हतं. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. अशा माणसाला 'हे आमचे हे' म्हणून त्या बायकांपुढं उभं करायचं, तर कुणाचीही पंचाईत होईल. मग तडजोड अशी निघाली की मी यायचं, पण लांब राहायचं. खाणं वेळेवर पोचवायचं आणि ओळख दाखवायची नाही.

महोत्सवात तीन दिवस तब्येतीनं टिकायचं म्हणजे काय, ते मला तिथं गेल्यावर समजलं. मुरलेल्या लोकांच्या एकेक तऱ्हा होत्या. कुणी मांडीखाली घ्यायला पातळ उशी आणलेली, कुणाच्या गळ्यात मफलर, कुणाच्या कनवटीला ओवा-कापराची पुरचुंडी. बायका पाणी कमी प्यायच्या, कारण मांडवातल्या मोऱ्यांची अवस्था बघवत नव्हती. जोगळेकर बाईंचे नियम त्याहून कडक. भरल्या पोटी गाणं ऐकायचं नाही, डोळे मिटतात. गवई उठेपर्यंत बैठक मोडायची नाही. मांडीत पिशवी नको, पर्स नको, दोन्ही हात मोकळे. जेवण सकाळचं सत्र संपल्यावरच, मग ते कधीही संपो.

लांब पल्ल्याची गाडी अशी रिकाम्या टाकीनं मी कधी सोडली नसती. पण मला कोण विचारतंय?

कुमुदनं पदराला खडीसाखरेचे खडे बांधून घेतले होते, तेवढाच आधार. मी भावाच्या घरी पहाटे उठून भाकरी करायचो, वर शेंगदाणा-गुळाचे लिंबाएवढे लाडू वळायचो. चिपळूणला खोलीवर हातानं करून खायची सवय होती. सत्र बहुतेक साडेबाराला संपायचं, एकला ती रसवंतीमागं यायची. पहिला दिवस निभावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारे गवई बसले होते. बैठकीच्या मागं खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांमागं दोर बांधून स्वस्त तिकिटवाल्यांची उभं राहायची जागा होती. मी तिथं. तिथून कुमुदची निळी साडी दिसायची, बाईंच्या डाव्या हाताला. गवयांचं गाणं रंगलं असावं, कारण आसपासचे लोक माना डोलवत होते. साडेबाराला त्यांनी गाणं संपवलं. मी डबा काखेत मारला. तेवढ्यात पुढून कुणीतरी ओरडलं, आणखी एक होऊ द्या. म्हातारे हसले, पाणी प्यायले, आणि नवीन राग लावला.

एक वाजला. म्हातारे अजून आलापातच होते. बाई एकदम खोकायला लागल्या. पदर तोंडाला लावून त्यांनी खोकला दाबला, पण तो आवरेना. आणि मी दोरामागून बघितलं, कुमुदनं पदराची गाठ सोडली आणि खडीसाखरेचे सगळे खडे बाईंच्या हातावर ठेवले. सगळे. बाईंनी एक तोंडात टाकला आणि उरलेले कौतुकानं पलीकडच्या बायकांना वाटले.

मी घड्याळ बघत बसलो. दीड झाला. कुमुदनं पदरानं कपाळ टिपलं. थोड्या वेळानं पुन्हा टिपलं. जानेवारीचे दिवस, बाकी बायकांच्या अंगावर शाली होत्या. मांडीवर ताल देणारा तिचा हात मध्येच थांबला, आणि तिनं तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला. तो हात का धरला हे त्या एवढ्या मंडपात फक्त मला कळत होतं.

मी दोराखालून वाकून आत गेलो. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं पुढं निघालो आणि बैठक सुरू झाली तिथं चपला काढून खाली बसलो. उभ्यानं गेलो तर लोकांच्या आड येईन, म्हणून गुडघ्यांवर, हातांवर सरकत निघालो. एका हातात डबा. मनात एवढंच, की तिच्या मागं पोचायचं, एक लाडू हातात सरकवायचा आणि आल्या वाटेनं परतायचं. कुणाला कळायचंही नाही.

बैठकीत माणसं दाटीवाटीनं बसलेली. कुणाचा पाय, कुणाची उशी. "अहो काका," असं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते, त्यांच्या गुडघ्याला माझा धक्का लागला. ते दचकले, त्यांचा हात माझ्या हाताला लागला, आणि डबा निसटला.

स्टीलच्या डब्याचं झाकण पडल्यावर केवढा आवाज होतो, हे घरात कधी कळत नाही. म्हातारे गवई स्वरावर थांबले होते. सगळा मांडव चिडीचूप होता. त्या शांततेत झाकण गादीच्या कडेवरून खालच्या लाकडी फळीवर गेलं आणि गरगर फिरत राहिलं. लाडू निघाले घरंगळत. पांढऱ्याशुभ्र गादीवरून, लोकांच्या मांड्यांमधून, एकेक वेगळ्या दिशेनं. एक थेट जोगळेकर बाईंच्या साडीला जाऊन टेकला.

म्हाताऱ्यांनी गाणं थांबवलं. हसून काहीतरी म्हणाले, पुढचे लोक हसले, आणि सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी रांगणाऱ्या पोरासारखा हातांवर टेकलेला.

छातीला बिल्ला लावलेला एक आडदांड माणूस धावत आला. व्यवस्थापनातला होता. "ओ मामा, कुठं निघालाईसा? ह्याच्या म्होरं बायकांचा भाग हाय."

"जरा... डबा द्यायचा होता."

"कुणाला?"

माझे डोळे कुठं जायचे ते गेले. जोगळेकर बाईंनी माझी नजर पाहिली, मग शेजारी पाहिलं.

"कुमुद, हे तुमच्यापैकी कुणी आहेत का? तुमच्याकडेच बघतायत."

कुमुदनं माझ्याकडं बघितलं. घामानं तिचं कुंकू जरासं ओघळलं होतं. मेधा शिराळकर पलीकडून वाकून बघत होत्या.

"नाही हो," कुमुद म्हणाली. "मी नाही ओळखत."

"मग काय बघताय हो तुम्ही?" टोपीवाले गृहस्थ माझ्यावर खेकसले. "बायकांच्या अंगावर जाताय?"

"चुकलं," मी म्हणालो. "माझी माणसं तिकडं असतील. चुकलं माझं."

बिल्लेवाल्यानं मला कोपरापाशी धरून उठवलं. गुडघा धरला होता, पटकन उभं राहता येईना. माझा अर्धा डबा तिथंच राहिला. कडेकडेनं बाहेर नेताना खुर्च्यांवरची माणसं पाय आत घेत होती. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. तिनं नाही म्हटलं म्हणून नव्हे. मी त्या गादीवर जसा दिसलो असेन त्याची मला लाज वाटत होती. पँटीला गुडघ्यावर ठिगळ होतं, आणि ते सगळ्यांनी मागून पाहिलं असणार.

दोराबाहेर सोडून बिल्लेवाला म्हणाला, "परत आत दिसला तर पोलिसात देईन." मी मान हलवली. तो गेल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे टाचा उंचावून आत बघितलं. गाणं पुन्हा सुरू झालं होतं. बाईंनी साडीला टेकलेला लाडू दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला होता, कुमुदच्या गुडघ्यापाशी. थोडा वेळ तो तिथंच होता. मग कुमुदचा पदर त्याच्यावरून गेला आणि लाडू दिसेनासा झाला. मग तिला खोकला आला. बराच वेळ आला, तोंडावर पदर धरून. जबडा हलतोय हे मला लांबूनही कळत होतं.

मी रसवंतीच्या बाकावर जाऊन बसलो आणि रसवंतीवाल्यानं न मागताच ग्लास पुढं ठेवला.

त्या दिवशी ती तट्ट्यामागं आली नाही. तेही बरोबरच होतं.

आज या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आमच्या घरी पाहुणे आले आणि कुठल्या महोत्सवाचा विषय निघाला की कुमुद चहाचं निमित्त करून आत जाते. मीही विषय बदलतो. तीस वर्षं डेपोत काढली, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, एकदा चुकीचा ब्रेक बसवला म्हणून अख्ख्या डेपोसमोर माफी मागितली. त्यातलं काही आता आठवत नाही. ते झाकण मात्र अजून गरगरतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तट्ट्यामागं जाऊन थांबलो. येईल न येईल, डबा तर आणला होता. ती आली. अंगावर मोतिया रंगाची साडी, केसांत अबोली. डोळे सुजलेले.

"बाईंनी काल संध्याकाळी सांगितलं," ती म्हणाली. "मला बसवलंय."

"मग? रडायचं काय त्यात?"

"मी आत्ता जाऊन त्यांना सगळं सांगते. तुम्ही कोण ते, साखरेचं, सगळं."

"खुळी का काय? आत्ता?"

"माझ्या तोंडून गेलं हो ते. मला तिथल्या तिथं जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. रात्रभर डोळा नाही लागला. तुम्ही गुडघ्यावर होता आणि मी..."

"लाडू कसे पळाले, बघितलंस का?" मी म्हणालो. "एक तर तबलजीपर्यंत पोचला असेल."

ती हसली नाही. "मी सांगते. नाही बसवलं तर नाही."

मला खरं तर वाटत होतं, सांगावं. आत्ता जाऊन, माझा हात धरून, त्या टोपीवाल्यासकट सगळ्यांसमोर सांगावं. रात्रभर मीही भावाच्या पडवीत जागाच होतो आणि हेच डोळ्यांसमोर आणत होतो. पण तिच्या केसांतली अबोली बघितली. चार तारांसाठी ती किती वर्षं खपली होती ते मला फोनवरच कळलेलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

"हे बघ," मी म्हटलं. "आज बसायचंय तुला. आधी खा. मग वर जा, बस, वाजव. खाली उतरलीस की सांग बाईंना. तेव्हा मी येतो तुझ्याबरोबर. आता त्या गायच्या आधी त्यांच्या डोक्याला हे कशाला?"

"नक्की याल?"

"तर."

तिनं उभ्या उभ्या दीड भाकरी खाल्ली. एक लाडू मी तिच्या पदरात बांधला. जाताना तिनं माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. रसवंतीवाला बघत होता. तिनं त्याची पर्वा केली नाही.

मी दोरामागं माझ्या जागेवर गेलो. बिल्लेवाल्याला टाळायला एका खांबाच्या आड उभा राहिलो. माझ्या पुढंच, खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत, कालचे टोपीवाले गृहस्थ बसले होते. दोन दिवस गादीवर बसून त्यांची पाठ धरली असावी, कमरेला हात लावून कण्हत होते. त्यांनी मागं वळून मला पाहिलं. ओळखलं हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. मी नजर दुसरीकडं वळवली.

पडदा सरकला. जोगळेकर बाई मधोमध, मागं दोन तानपुरे. उजवीकडचा कुमुदचा. तिच्या मांडीवर तो तानपुरा मी पहिल्यांदाच पाहत होतो. कधी क्लासला गेलो नव्हतो, घरात तानपुरा नव्हता. तिचा गाल तानपुऱ्याच्या दांडीला टेकल्यासारखा दिसत होता, डोळे अर्धवट मिटलेले, आणि चारही तारांचं काम दोनच बोटं करत होती, एका लयीत. मला वाटलं होतं ती घाबरलेली असेल. ती अजिबात घाबरलेली नव्हती. घरी भाकरी थापतानासुद्धा मी तिला एवढी निवांत पाहिली नव्हती.

निवेदन करणारी बाई माईकवर नावं सांगू लागली. तबल्यावर कोण, पेटीवर कोण. मग म्हणाली, "तानपुऱ्यावर साथ करताहेत सौभाग्यवती कुमुद महादेव आवटी."

कुमुद महादेव आवटी. मी महादेव. माझं नाव त्या एवढ्या मांडवात कर्ण्यांतून घुमलं, आणि माझे डोळे भरून आले. मी बाहीनं पुसले. पुन्हा भरले. बाईंनी गाणं सुरू केलं, आणि त्या गाण्याच्या खाली ते तारांचं घूं घूं चाललेलं. ते मला ऐकू येत होतं, गाणं नव्हतं ऐकू येत.

टोपीवाले गृहस्थ पुन्हा वळले. मी रडतोय हे त्यांनी पाहिलं.

"तुमची तब्येत बरी आहे ना?" त्यांनी विचारलं. जरा काळजीनंच विचारलं असावं.

आणि काय झालं कुणास ठाऊक, माझ्याच्यानं राहवलं नाही. दोन दिवस तोंड शिवून राहिलो होतो. "ती तानपुऱ्यावर आहे ना," मी म्हणालो, "उजवीकडची. माझी बायको आहे ती."

त्यांचा चेहरा कठोर झाला.

"काल त्या बाई स्पष्ट नाही म्हणाल्या. मी तिथंच होतो."

"म्हणाली, पण त्याला कारण..."

"काल सगळ्यांदेखत रांगत तिच्या अंगावर गेलात. आज इथं उभं राहून तिच्याकडं बघून डोळे गाळताय आणि वर माझी बायको म्हणताय? शोभतं का तुम्हाला?"

"अहो, खरंच. लग्नाची बायको आहे माझी. आवटी म्हणाल्या ना त्या माईकवर? मीच आवटी."

"ते तर आत्ताच सगळ्यांनी ऐकलं."

माझा आवाज चढला होता. वर्कशॉपचा आवाज. शेवटच्या दोन-तीन रांगांनी माना वळवल्या, कुणीतरी शुक् केलं. टोपीवाले उठून उभे राहिले आणि त्यांनी हात वर करून बिल्लेवाल्याला बोलावलं. तो कडेनं पळत आला.

"पुन्हा तूच व्हय?" तो आता 'मामा'वरून 'तू'वर आला होता.

"ह्या बाईंना त्रास देतोय हा," टोपीवाले म्हणाले. "माझी बायको म्हणतोय. काल ती बाई मी ओळखत नाही म्हणाली, तुम्हीही ऐकलंत."

"ऐकलंय की. चल."

माझ्या खिशात एसटीचा पास होता, फोटोसकट, नावासकट. हात खिशाकडं गेलाही. दाखवला असता तर टोपीवाल्यांची मान खाली गेली असती, बिल्लेवाला वरमला असता. मग त्यांनी मागच्या रांगेला सांगितलं असतं, त्यांनी पुढच्या. बाईंचं गाणं संपायच्या आत मांडवभर झालं असतं, की वर तानपुऱ्यावर बसलेली बाई काल सख्ख्या नवऱ्याला ओळखत नाही म्हणाली. आणि ती तिथं वर, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं, उठताही येत नाही अशी.

मी हात बाहेर काढला.

"चला," मी म्हणालो. "येतो मी."

त्यानं कालच्यासारखंच कोपरापाशी धरलं, जरा जास्तच घट्ट. आम्ही खुर्च्यांच्या कडेनं निघालो. मांडवाबाहेर जायची वाट स्टेजच्या बाजूनं होती, त्यामुळं मला सगळ्या मांडवासमोरून चालत जावं लागलं. लोक बघत होते. कुणी ओळखून हसलं, "लाडूवाला, लाडूवाला," असं कुजबुजलं. माझ्या कानांना आग लागली होती. पायांकडं बघत चालायचं ठरवलं होतं, पण स्टेजजवळून जाताना मान वर झालीच.

कुमुदनं मला पाहिलं होतं. मला, कोपराला धरलेल्या हाताला, बिल्ल्याला, सगळं. तिचा चेहरा पांढरा पडला. ती किंचित पुढं झाली, उठतेय की काय असं मला वाटलं, आणि तिचे ओठ हलले. गवई गात असताना मागचा तानपुरा थांबवता येत नाही, एवढं तिनंच मला फोनवर सांगितलेलं होतं. तिची बोटं एका तारेवर अडखळली. जोगळेकर बाईंनी गाता गाता मान जराशी वळवली.

मी मोकळा हात वर केला आणि तिला खुणावलं, वाजव. वाजवत राहा. मी बाहेरच आहे.

तिची बोटं पुन्हा चालू लागली. डोळे माझ्यावरच होते.

"अजून हातवारे करतोय बघा," पहिल्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं. "वय काय, चाललंय काय."

बिल्लेवाल्यानं माझा तो हात धरून खाली ओढला, आणि मी त्याच्याबरोबर बाहेर गेलो.